एकाच माठाचं पाणी आणि आतड्याच्या अस्तरातली राखण

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या टेबलावर संडासच्या डब्या वाढायला लागतात. आषाढात नदीला गढूळ पाणी येतं, नळालाही तेच येतं. श्रावणात खानदेशातली कानबाई देवी बसते, घरोघरी रोटांचं जेवण होतं, पाहुणेरावळे येतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मुरडा, आव, रक्ती आव घेऊन माणसं दवाखान्यात येतात. मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात लॅब टेक्निशियन आहे. माझं बहुतेक आयुष्य मायक्रोस्कोपच्या मागे चाललंय आणि त्यात अमीबा या एकाच पेशीच्या जंतूशी पडलेली गाठ फार जुनी आहे.

गेल्या पावसाळ्यात एक बाई धाकट्या मुलाचा रिपोर्ट घ्यायला आली होती. थोरला तिच्या पदराला धरून उभा, टुणटुणीत. ती म्हणाली, "ताई, दोन्ही पोरे एकच माठनं पानी पेतस. मंग यालेच आव कशी पडस?"

हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात आणि काउंटरवर उभ्या-उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. मागे चार माणसं चिठ्ठ्या घेऊन थांबलेली असतात. म्हणून इथे लिहिते, जरा निवांतपणे.

आधी आम्हाला काय दिसतं ते सांगते. ताज्या नमुन्यातली आव काडीने उचलून काचेवर घेतली, कोमट सलाइनचा थेंब टाकला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि चाळीसच्या लेन्सखाली बघितलं की नशिबात असेल तर अमीबा चालताना दिसतो. आधी काहीच दिसत नाही, नुसती धूसर जाळी. मग त्या जाळीतला एक ठिपका एका बाजूने काचेसारखं स्वच्छ बोट बाहेर काढतो. ते बोट पुढे सरकतं, आतला दाणेदार मालमसाला त्यात ओतला जातो, आणि आख्खा जीव तेवढा पुढे गेलेला असतो. तो एका दिशेने, ठरवल्यासारखा जातो. त्याच्या पोटात पिवळसर-हिरव्या झाकेच्या गोल तबकड्या दिसल्या, तर त्या आजारी माणसाच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी असतात. त्याने गिळलेल्या. हे दिसलं की मी डॉक्टरांना लगेच फोन करते. त्यानंतर शंकेला फारशी जागा उरत नाही.

पण हे रोज दिसत नाही. बहुतेक वेळा आयोडीन टाकल्यावर सिस्ट दिसतात. सिस्ट म्हणजे अमीबाचं कवचातलं रूप, गोल, आत चारपर्यंत केंद्रकं. हेच पाण्यातून, धुतल्या न धुतल्या कोथिंबिरीतून, हातातून तोंडात जातं. पोटातल्या आम्लाला ते दाद देत नाही. लहान आतड्यात कवच फुटतं, त्यातून चालते-फिरते अमीबा निघतात आणि मोठ्या आतड्यात मुक्काम करतात.

आता त्या बाईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. मायक्रोस्कोपखाली अगदी एकसारखे दिसणारे दोन अमीबा आहेत. एक एन्टामिबा हिस्टोलिटिका, जो आजार करतो. दुसरा एन्टामिबा डिस्पार, जो आतड्यात राहतो आणि काहीही करत नाही. एमिल ब्रूम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ सालीच सांगितलं होतं की या दोन वेगळ्या जाती आहेत. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी पुराव्यानिशी मांडल्यावर ते मान्य झालं. नुसती सिस्ट बघून मी किंवा कुणीही सांगू शकत नाही की हा कुठला. तेव्हा थोरल्याच्या पोटात कदाचित डिस्पारच असेल.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. खऱ्या हिस्टोलिटिकाची लागण झालेल्यांतसुद्धा दहापैकी सुमारे नऊ जणांना काही होत नाही. पाणी तेच, जंतू तोच, तरी एक आजारी पडतो आणि बाकीचे नाही. का? याचं एक मोठं कारण आतड्याच्या अस्तरात आहे, आणि त्याच्याविषयी फार कमी बोललं जातं याची मला खंत वाटते.

अँटीबॉडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रक्त येतं. कोविडने तर हे घट्ट बसवलं, जो तो रक्त देऊन 'अँटीबॉडी किती' विचारत होता. पण आपलं शरीर रोज जेवढ्या अँटीबॉडी बनवतं त्यातला सगळ्यात मोठा वाटा रक्तासाठी नसतोच. तो आयजीए नावाच्या प्रकारचा असतो आणि तो आतडं, तोंड, नाक, श्वासनलिका, आईचं दूध इथे पाझरतो. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज तीन ते पाच ग्रॅम आयजीए तयार होतं, इतर सगळ्या प्रकारांच्या बेरजेपेक्षा जास्त. रोज तयार होतं आणि रोज बाहेर टाकलं जातं.

ते तयार कसं होतं हे मला फार सुंदर वाटतं. लहान आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस नावाचे ठिपके असतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातून वाहणाऱ्या गोष्टींचे नमुने सतत आत ओढत असतात. आत बी-पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, ते नमुने ओळखतात, आयजीए बनवायला शिकतात, रक्तातून एक फेरी मारतात आणि परत आतड्याच्याच अस्तराखाली येऊन बसतात. तिथे त्या आयजीएचे दोन रेणू एका छोट्या साखळीने जोडून सोडतात. अस्तराच्या पेशी ही जोडी एका बाजूने उचलतात, स्वतःमधून पलीकडे नेतात आणि आतड्याच्या पोकळीत सोडताना तिच्याभोवती आपल्याच प्रथिनाचा एक तुकडा गुंडाळून देतात. त्या गुंडाळीमुळे आतड्यातली पाचकद्रव्यं तिला पटकन तोडू शकत नाहीत. याला सिक्रीटरी आयजीए म्हणतात. तोंडातल्या लाळेतली आयजीए रक्तातल्यापेक्षा वेगळी असते, हे थॉमस टोमासी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवलं आणि तिथून या शाखेचा पाया पडला.

आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो. मोठ्या आतड्यात तर दोन थर असतात आणि आतला इतका घट्ट असतो की एरवी जंतूही तिथवर पोचत नाहीत. सिक्रीटरी आयजीए त्या श्लेष्मात आणि त्याच्या वर पसरलेली असते. आजारी मुलाच्या डबीत जी आव दिसते, ती याच थरातून सुटून आलेली असते.

आता अमीबा. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, गॅल-गॅलनॅक लेक्टिन. श्लेष्माला चिकटपणा देणाऱ्या म्युसिन या प्रथिनावर आणि आतड्याच्या पेशींवर गॅलॅक्टोज जातीच्या साखरेचे रेणू असतात. बांधावरचं गोखरू धोतराला धरतं तसं हे लेक्टिन त्या साखरेला धरतं. नुसतं म्युसिनला चिकटून राहिला तोवर अमीबा निरुपद्रवी असतो, तिथेच जेवतो, सिस्ट बनवतो, बाहेर पडतो. थर फाडून तो पेशीपर्यंत पोचला की गणित बदलतं. पेशीला धरल्यावर तो तिला मारतो. २०१४ मध्ये कॅथरिन राल्स्टन, विल्यम पेट्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमीबा जिवंत पेशीचे लचके तोडून गिळतो, पेशी त्यातच मरते. हे वाचलं त्या दिवसापासून चालता अमीबा बघताना माझा श्वास जरा अडकतो.

सिक्रीटरी आयजीए नेमकी इथे आडवी येते. लेक्टिनचा साखरेला धरणारा जो भाग आहे, त्यावरच ती जाऊन बसली की अमीबाला धरायला जागा उरत नाही. ती त्याला मारत नाही. आग पेटवत नाही, सूज आणत नाही. आतड्यात कोट्यवधी जंतू कायम असतात. तिथे प्रत्येक ओळखीला सूज आली असती तर माणूस जेवूच शकला नसता. धरू न देणं, गुच्छ करून श्लेष्मात अडकवणं आणि श्लेष्माबरोबर पुढे ढकलणं, एवढंच तिचं काम. धरता आलं नाही की अमीबाला थर फाडून खाली जाता येत नाही.

हे नुसतं काचेच्या नळीतलं गणित नाही. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत, आयसीडीडीआरबी या संस्थेत रशिदुल हक आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे विल्यम पेट्री यांनी लहान मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. मुलांच्या घरी जायचं, संडासचे नमुने घ्यायचे, कुणाला नवी लागण झाली ते बघायचं. ज्या मुलांच्या संडासात या लेक्टिनविरुद्धची आयजीए सापडली, त्यांना पुढच्या काळात हिस्टोलिटिकाची नवी लागण बरीच कमी झाली. आणि ज्यांच्या रक्तात अमीबाविरुद्धची आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटीबॉडी, होती, त्यांना तसं संरक्षण दिसलं नाही. उलट त्यांच्यात लागण जास्त दिसली. म्हणजे राखण करणारी अँटीबॉडी दारात हवी. रक्तात असून ती आतड्याच्या पोकळीतल्या अमीबाला गाठू शकत नाही.

मीरपूरचं वर्णन वाचताना मला आमच्याकडची दादर ज्वारीच्या शेतांमागची वस्ती दिसत होती. नळ काही दिवसांआड, तोही तासभर. उरलेला वेळ पाइप रिकामा. गटारीला लागून गेलेल्या पाइपाला चीर असली, की रिकाम्या पाइपात गटारीचं पाणी ओढलं जातं आणि पुढच्या वेळी ते हंड्यात येतं. १९३३ मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या हॉटेलांत पिण्याचे आणि मैल्याचे पाइप एकमेकांत मिसळले आणि अमीबाची साथ आली. हजाराहून जास्त माणसं आजारी पडली, ९८ दगावली. श्रीमंत शहर होतं. पाइप फुटला की अमीबा ऐपत बघत नाही.

रक्ताच्या तपासणीचं इथेच सांगून टाकते. लोक मुरड्यासाठी रक्तातली अमीबाची अँटीबॉडी करा म्हणून येतात. आपल्यासारख्या भागात ती जुन्या लागणीनंतर वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे आत्ताच्या मुरड्याविषयी ती फारसं सांगत नाही. यकृतात गळू झालंय अशी शंका असेल, ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय, सोनोग्राफीत काही दिसतंय, तर ती तपासणी खरी उपयोगी. असं गळू बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त होतं आणि त्या वेळी संडासात बऱ्याचदा अमीबा सापडतही नाही.

मग आयजीए असूनही पुन्हा लागण का होते? कारण अमीबा गप्प बसत नाही. तो सिस्टीन प्रोटिएझ नावाची द्रव्यं सोडतो. ती म्युसिनची जाळी तोडतात आणि आयजीएलाही कापतात. दुसरी युक्ती तर बघण्यासारखी आहे. त्याच्या अंगावर अँटीबॉडी येऊन बसल्या की तो आपल्या पृष्ठभागाचा तेवढा भाग मागच्या टोकाकडे सरकवतो, सगळ्या अँटीबॉडी तिथे गोळा करतो आणि तो गोळा झटकून टाकून पुढे निघतो. हे काही मिनिटांत होतं. आणि ज्या पेशींचे लचके तो तोडतो त्यांची प्रथिनं स्वतःच्या अंगावर मिरवतो, म्हणजे रक्तातल्या मारक प्रथिनांना तो आपलाच वाटतो. त्यात आतड्यातली आयजीए कायमची टिकत नाही, काळाबरोबर ओसरते. म्हणून हे संरक्षण आहे, पण अर्धवट आहे. पाणी कितीही घाण असलं तरी 'सवय होते' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं, ते.

बाळाचं स्वतःचं आतडं जन्मतः आयजीए बनवत नाही. ते हळूहळू शिकतं. तोवर ती येते आईच्या दुधातून, आणि सगळ्यात दाट असते पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात. आणि ती कुठलीही सरसकट आयजीए नसते. आईच्या आतड्यात ज्या बी-पेशी तिच्या पाण्यातले, तिच्या अन्नातले जंतू ओळखायला शिकल्या, त्यातल्याच काही गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर तिच्या स्तनांत येऊन बसतात. त्यामुळे ज्या घरातलं पाणी बाळ उद्या पिणार, त्याच घरातल्या पाण्याची ओळख असलेली आयजीए त्याला आज मिळते. मीरपूरमध्येच पुढे दिसलं की ज्या आयांच्या दुधात अमीबाच्या लेक्टिनविरुद्धची आयजीए जास्त होती, त्यांच्या बाळांना अमीबाचा त्रास कमी झाला. डब्यातल्या पावडरीत हे नसतं. गाईच्या दुधात गाईच्या आतड्याची ओळख असते, आपल्या माठाची नाही.

आणि आमच्याकडे अजूनही काही घरांत चीक पिळून टाकतात. पिवळा, घट्ट, 'बाळाले जड पडस' म्हणून. त्याऐवजी मध चाटवतात, गुळाचं पाणी देतात. सासूबाईंचा हेतू वाईट नसतो, त्यांच्या सासूने त्यांना तेच सांगितलेलं असतं. पण मला ते बघवत नाही. बाळाला मिळणारी पहिली राखण आपण जमिनीवर ओततो, आणि वर ज्या पाण्यापासून ती राखण हवी तेच पाणी त्याच्या तोंडात घालतो. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं, सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, हे आशाताई घरोघरी सांगतात. त्याच्यामागे हे सगळं शास्त्र उभं आहे. बाळाला जुलाब लागले तर दूध बंद करायचं नाही. उलट जास्त वेळा पाजायचं.

दुसरी गोष्ट पोषणाची. धडगाव, अक्कलकुव्याकडून, सातपुड्यातून खाली आलेली पावरा आणि भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला, केळीच्या बागांत कामाला येतात. त्यांची मुलं मी बघते. दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली की लाल भागात जाणारी. त्यांच्यात आव जास्त बघायला मिळते आणि लवकर बरी होत नाही. याचा एक धागा ढाक्यातच सापडला. लेप्टिन नावाचं संप्रेरक शरीरातल्या चरबीतून तयार होतं, कुपोषित मुलात ते कमी असतं. ते आतड्याच्या पेशींना अमीबाविरुद्ध टिकून राहायला मदत करतं. लेप्टिन ओळखणाऱ्या जनुकातला एक छोटा फरक असलेल्या मुलांना अमीबाची लागण जवळजवळ चौपट होते, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आयजीए असो वा पेशींची ताकद, पोटात अन्न नसेल तर दोन्हीही लंगडतात. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ पोटभर मिळणं हाही या आजारावरच्या उपायाचाच भाग आहे.

लस अजून नाही. माणसांसाठी मान्यता मिळालेली अमीबाची लस आज कुठेच नाही. लेक्टिनचा तोच साखर धरणारा भाग घेऊन, सुईने नव्हे तर नाकावाटे देऊन, उंदरांत आणि बबून माकडांत प्रयोग झालेत आणि त्यांत आशा दिसली आहे. नाकावाटे का, तर एका अस्तराला शिकवलं की दुसऱ्या अस्तरातही आयजीए उगवते. पोलिओचे दोन थेंब तोंडात का देतात, यामागेही आतड्यातच राखण उभी करायची हेच एक कारण होतं.

तोवर पाणी उकळा. नळातल्या नेहमीच्या क्लोरीनने सिस्ट मरत नाही, तुरटीने गाळ बसतो पण पाणी निर्धोक होत नाही. उकळी आली की मात्र सिस्ट टिकत नाही. आणि औषध अर्धवट सोडू नका. मेट्रोनिडॅझोलने मुरडा थांबतो, दोन दिवसांत बरं वाटतं, पण आतड्याच्या पोकळीत उरलेल्या सिस्ट त्याने पूर्ण जात नाहीत. त्यासाठी डॉक्टर डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध देतात. लोक ते 'आता बरं वाटतंय' म्हणून घेतच नाहीत, मग त्यांच्याच हाताने भाकरीबरोबर सिस्ट धाकट्या बहिणीपर्यंत जाते.

माझी एक इच्छा आहे. धुळ्याला, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुलांवर मीरपूरसारखं काम आपल्याकडे व्हावं. पीसीआरने हिस्टोलिटिका आणि डिस्पार वेगळे करायचे, संडासातली लेक्टिनविरुद्धची आयजीए एलायझा या अँटीबॉडी मोजायच्या चाचणीने मोजायची, आणि आईच्या दुधातली बाळाबरोबर मोजायची. नमुना घेतल्यापासून अर्ध्या तासात काचेवर आला पाहिजे, नाहीतर चालता अमीबा थांबतो आणि ओळखू येत नाही. बाकीचा नमुना बर्फात ठेवून न्यायचा. हे आमच्यासारख्या तालुक्याच्या लॅबवाल्यांना जमतं. कुणी प्राध्यापक किंवा विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी जरूर कळवावं. गावोगावच्या आशाताई माझ्या ओळखीच्या आहेत, आणि पहाटे डब्या गोळा करायला मी स्वतः येईन.